वह्या तपासल्या, पूल तपासायचा राहिला

एडिनबराहून डंडीला जाणारी गाडी टे नदीच्या खाडीवर चढली की उजव्या हाताच्या खिडकीतून बाहेर बघायचं. पाण्यातून दगड-विटांचे बुंधे वर आलेले दिसतात. एकामागून एक, सरळ रांगेत. त्यांच्यावर काहीच नाही. एखाद्या बुंध्यावर समुद्रपक्षी बसलेला असतो, तेवढाच.

मागच्या वर्षी मुलीकडे गेलो होतो तेव्हा हे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या कामातलंच काहीतरी दिसतंय." खरंच माझ्या कामातलं होतं. मी तीस वर्षं पुलांच्या देखभालीचं काम केलंय. त्यामुळे परत आल्यावर त्या बुंध्यांचा आणि ज्या कंपनीने ते बांधले तिचा इतिहास वाचत बसलो. पोस्ट लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी माझाही एक हिशेब आहे.

कंपनीचं नाव नॉर्थ ब्रिटिश रेल्वे. आपल्याकडे जुन्या वाफेच्या इंजिनांवर 'नॉर्थ ब्रिटिश, ग्लासगो' अशी पाटी दिसायची, ती ही नव्हे. ती इंजिनं बनवणारी वेगळी कंपनी, १९०३ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन झालेली. मी सांगतोय ती गाड्या चालवणारी, स्कॉटलंडमधली सगळ्यात मोठी रेल्वे कंपनी. १८४४ मध्ये पार्लमेंटने तिला मंजुरी दिली, १८४६ मध्ये एडिनबरा ते बेरिक ही लाइन सुरू झाली, आणि १९२३ मध्ये ती मोठ्या एल.एन.ई.आर. कंपनीत विलीन झाली. तोवर तिच्याकडे हजाराहून जास्त इंजिनं होती. हॅरी पॉटरच्या सिनेमात गाडी ज्या कमानींच्या पुलावरून जाते तो ग्लेनफिनन पूल ज्या लाइनवर आहे, तिच्यावर गाड्या चालवायची तीही हीच कंपनी. एडिनबराचं वेव्हर्ली स्टेशनही हिचंच.

पण ही यशाची गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही.

या कंपनीच्या डोक्यावर पहिल्यापासून एक भूत होतं. त्याचं नाव कॅलेडोनियन रेल्वे. ही प्रतिस्पर्धी कंपनी कार्लाइलहून ग्लासगो आणि एडिनबराला पोचली, आणि पुढे पर्थवरून उत्तरेला अबर्डीनकडे जाणारा रस्ताही तिच्या हातात आला. सगळा जमिनीवरून. नॉर्थ ब्रिटिशचा उत्तरेचा रस्ता नकाशावर जवळचा दिसायचा, पण मध्ये दोन खाड्या होत्या, आधी फोर्थची आणि मग टेची. प्रवाशाने एडिनबराजवळ गाडीतून उतरायचं, बोटीने फोर्थ ओलांडायची, पलीकडे बर्नटायलंडला दुसरी गाडी धरायची, टेच्या काठावर पुन्हा उतरायचं, पुन्हा बोट, आणि मग डंडी. जेमतेम ४६ मैलांना तीन तासांहून जास्त वेळ. उत्तर समुद्राचा वारा सुटला असेल तर बोटीत पोटातलं सगळं बाहेर.

फोर्थवर मालाच्या डब्यांसाठी १८५० मध्ये एक नामी सोय झाली होती. डबे रुळांसकट थेट बोटीवर चढवायचे आणि पलीकडे उतरवायचे. जगातली पहिली 'ट्रेन फेरी' म्हणतात ती हीच. ती सोय उभी करणारा तरुण इंजिनीअर थॉमस बाउच. नाव लक्षात ठेवा.

डंडी म्हणजे तेव्हाचं तागाचं शहर. बंगालमधला ताग जहाजांतून तिथे जायचा आणि त्याची पोती, कापड बनून जगभर विकलं जायचं. त्या शहराचा धंदा कॅलेडोनियनच्या हातात जाताना बघत बसणं नॉर्थ ब्रिटिशला परवडणारं नव्हतं. खाड्यांवर पूल बांधायला तर पैसे हवेत. आणि पैशांची गोष्ट मोठी मजेशीर आहे.

१८५५ पासून कंपनीचा अध्यक्ष होता रिचर्ड हॉजसन. माणूस धडाडीचा. लहान लहान कंपन्या गिळत गेला, सीमाभागातल्या डोंगरांतून कार्लाइलपर्यंत लाइन नेली, १८६५ मध्ये एडिनबरा-ग्लासगो रेल्वे ताब्यात घेतली. भागधारक खूश, कारण लाभांश वेळेवर मिळत होता. १८६६ मध्ये कंपनीचे नवे सेक्रेटरी जॉन वॉकर यांनी वह्या नीट उघडल्या आणि बिंग फुटलं. जो नफा वाटला जात होता तो झालेलाच नव्हता. आकडे फिरवून लाभांश दाखवला जात होता. चौकशी समिती बसली, हॉजसनला जावं लागलं, संचालक मंडळ बदललं.

इथवर वाचून वाटेल, चला, कंपनी सुधारली. एका परीने सुधारलीही. हिशेबाच्या वह्या तपासायच्या असतात, हे तिला कळलं. हेच वॉकर पुढे कंपनीचे जनरल मॅनेजर झाले. पण माझा मुद्दा पुढे आहे. ज्या कंपनीने वह्या तपासायला शिकायची एवढी मोठी किंमत मोजली, तिने लोखंड तपासायचं काम कुणाला दिलं?

टे पुलाचं काम १८७१ मध्ये सुरू झालं. आराखडा बाउचचा. लांबी जवळजवळ दोन मैल, ८५ गाळे, तेव्हाचा जगातला सगळ्यात लांब पूल. बाउचची ख्याती स्वस्तात काम करून देणारा इंजिनीअर अशी होती, आणि पैशाला तंगलेल्या कंपनीला असाच माणूस आवडतो. खाडीच्या तळाची बोअरिंग घेतली तेव्हा पक्का खडक लागला असं समजलं गेलं. दक्षिणेकडचे सुरुवातीचे खांब त्या हिशेबाने विटांचे भरभक्कम बांधले. पुढे गेल्यावर कळलं की तो खडक नव्हे, घट्ट गोट्यांचा थर आहे. आता एवढं वजन पेलणार नाही. म्हणून पुढच्या खांबांचा खालचा भाग दगड-विटांचा ठेवून वर ओतीव लोखंडाच्या पोकळ नळ्या उभ्या केल्या आणि त्या तिरक्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या. पूल हलका झाला आणि स्वस्तही.

या पट्ट्या खांबाला जिथे अडकवायच्या ते कान खांबाबरोबरच ओतलेले होते. त्यातली बोल्टची भोकं ड्रिलने पाडलेली नव्हती, तीही ओततानाच ठेवलेली. त्यामुळे ती सरळ नव्हती, एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद. बोल्ट सगळीकडे सारखा टेकायचाच नाही, सगळा भार एका कडेवर. ज्यांनी लोखंडात काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. नंतर चाचण्या झाल्या तेव्हा हे कान अपेक्षेपेक्षा खूपच कमी ताणाला तुटले.

वर्मिटला पुलाशेजारीच ओतशाळा होती. ओतकामात हवेचे बुडबुडे राहून भोकं पडली की ती मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लगद्याने बुजवायचे. वरून घासलं की अस्सल लोखंडासारखं दिसायचं. कामगार त्याला 'बोमाँटचं अंडं' म्हणायचे. प्रत्येक साइटवर असलं एखादं अंडं असतंच, फक्त नाव वेगळं असतं.

आणि वारा? खाडीच्या तोंडावर, पाण्यापासून ८८ फूट उंच, आडव्या वाऱ्याच्या वाटेत उभा असलेला हा पूल. त्याच्या हिशेबात वाऱ्याच्या दाबासाठी बाउचने वेगळी तरतूद केलीच नव्हती.

फेब्रुवारी १८७८ मध्ये सरकारी निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी पूल तपासला. तीन दिवस, इंजिनं जोडून वर उभी करून. मंजुरी दिली, वेग ताशी २५ मैलांच्या वर नको म्हणाले, आणि अहवालात एक वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा, की जोराचा वारा असताना पुलावरून गाडी जाताना काय होतं ते मला एकदा बघायला आवडेल. ते बघणं राहूनच गेलं.

१ जून १८७८ ला पूल सुरू झाला. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि काही दिवसांत थॉमस बाउचचा 'सर' थॉमस बाउच झाला.

आता हेन्री नोबल. माझ्यासाठी ही गोष्ट खरी या माणसाची आहे.

पूल सुरू झाल्यावर त्याची देखभाल बाउचच्या देखरेखीखाली राहील असं ठरलं. कंपनीचा इंजिनीअर रुळांपुरता जबाबदार. बाउचने पुलावर माणूस ठेवला तो नोबल. नोबल गवंडीकामातला माणूस. विटा, चुना, पाण्याखाली खांबाच्या बुडाशी होणारी झीज, हे त्याला कळायचं आणि ते तो मन लावून बघायचा. लोखंडातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि कळतं असं त्याने कधी म्हटलंही नव्हतं. हाताखाली थोडी माणसं, होडी, आणि दोन मैलांचा पूल.

१८७८ च्या ऑक्टोबरात त्याला खांबावर आवाज ऐकू आला. पट्ट्या खडखडत होत्या. सांधे ढिले झाले होते. त्याने काय केलं? लोखंडाचे तुकडे आणले आणि ढिल्या सांध्यांत पाचरीसारखे ठोकून बसवले. एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त. खडखड थांबली. त्याने हे कुणाला कळवलं नाही. काही खांबांना उभ्या चिरा दिसल्या तेव्हा मात्र त्याने बाउचला सांगितलं. त्या खांबांना घडीव लोखंडाचे पट्टे आवळले गेले.

त्याच काळात इतरही लोकांना काहीतरी जाणवत होतं. पुलाला रंग देणाऱ्या रंगाऱ्यांना गाडी गेली की पूल हलताना जाणवायचा. डंडीचे माजी नगराध्यक्ष विल्यम रॉबर्टसन यांनी घड्याळ लावून गाड्यांचा वेग मोजला, २५ मैलांची मर्यादा सरळ मोडली जात होती. त्यांनी स्टेशनमास्तरकडे तक्रार केली. काही फरक पडेना तेव्हा डंडीकडे येताना ते बोटीने यायला लागले.

बघा म्हणजे. रंगाऱ्याला माहीत, प्रवाशाला माहीत, गवंड्याला माहीत. ज्याच्या सहीने पूल बंद होऊ शकला असता, त्याच्या टेबलावर यातलं काय पोचलं?

२८ डिसेंबर १८७९. रविवार. संध्याकाळपासून वादळ. बर्नटायलंडहून निघालेली गाडी सेंट फोर्ट स्टेशनात थांबली, तिथे डंडीच्या प्रवाशांची तिकिटं गोळा केली गेली. साधारण सव्वासातला गाडी पुलाच्या दक्षिण टोकाला आली. पुलावर एकच लाइन, म्हणून केबिनमधल्या थॉमस बार्कलेने इंजिनावर टोकन दिलं. गाडी अंधारात गेली. केबिनमधल्या दुसऱ्या माणसाला चाकांजवळ ठिणग्या दिसल्या, मग एक झळक, मग काही नाही.

उत्तरेच्या बाजूने डंडीचे दोन रेल्वे कर्मचारी रुळ धरून सरपटत पुलावर गेले. वाऱ्यात उभं राहणं शक्यच नव्हतं. पुढे त्यांना पाण्याचा फवारा उडताना दिसला. पुलावरून पलीकडच्या गावाला पाण्याचा नळ गेलेला होता, तो तुटला होता. त्याच्या पुढे पूल नव्हता. मधले उंच १३ गाळे गाडीसकट खाडीत गेले होते. टपालाच्या पिशव्या ब्रॉटी फेरीच्या किनाऱ्याला लागल्या.

एकही माणूस वाचला नाही. गोळा केलेल्या तिकिटांवरून तेव्हा ७५ जण गेले असं धरलं गेलं. आता नावानिशी खात्री झालेली ५९ माणसं आहेत, आणि २०१३ मध्ये दोन्ही काठांवर त्यांच्या नावांचं स्मारक झालं. १३४ वर्षांनी! इंजिन मात्र बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि १९१९ पर्यंत वापरलं. लोकांनी त्याचं नाव 'पाणबुड्या' ठेवलं होतं.

चौकशी झाली. निष्कर्ष स्वच्छ होता. आराखडा वाईट, बांधकाम वाईट, देखभाल वाईट. चौकशीचे प्रमुख रॉदरी यांनी मुख्य दोष बाउचवर ठेवला. बाकीचे दोघे सदस्य योलंड आणि बार्लो नावानिशी दोष वाटायला तयार झाले नाहीत, त्यांनी वेगळा अहवाल दिला. मंजूर वेगापेक्षा जास्त वेगाने गाड्या जाऊ दिल्या म्हणून रॉदरींनी कंपनीलाही थोडं सुनावलं, पण थोडंच. बाउच चार महिन्यांत, ऑक्टोबर १८८० ला वारला. गोष्ट संपवायला सोयीचं झालं. एक वादळ आणि एक चुकलेला इंजिनीअर. आजही बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इतकीच सांगतात.

मला ती तेवढी वाटत नाही. बाउचने चुकीचा पूल बांधला हे खरंच आहे. पण चुकीचा पूल पडायच्या आधी वर्षभराहून जास्त काळ खडखडत होता. तो खडखडाट ऐकणारा माणूस जागेवर होता. ऐकूनही त्याचा अर्थ कळेल असा माणूस तिथे ठेवायचा, हे ना बाउचने बघितलं ना कंपनीने. एका गवंड्याला दोन मैल लोखंड राखायला बसवलं आणि कागदावर 'देखभाल चालू आहे' असं झालं. खोट्या लाभांशाने एकदा पोळलेल्या कंपनीला ही खोटी देखभाल ओळखू आली नाही. कागदोपत्री दोन्हींत काही फरक नसतो हो. दोन्हींत रकाना भरलेला असतो.

आता पुढचं बघा, म्हणजे हे जमत नव्हतं असं नाही हे कळेल.

फोर्थच्या खाडीवरही बाउचच्याच आराखड्याचा झुलता पूल व्हायचा होता, १८७८ मध्ये पायाभरणीही झाली होती. टे पूल पडल्यावर तो रद्द झाला. नवा पूल फाउलर आणि बेकर यांनी आखला. पैसा नॉर्थ ब्रिटिशने एकटीने नाही, तीन इंग्रज कंपन्यांबरोबर मिळून घातला. वाऱ्याचा दाब चौरस फुटाला ५६ पौंड धरला. पोलाद ५० हजार टनांहून जास्त. आणि काम चालू असताना दर तीन महिन्यांनी सरकारी निरीक्षकांनी येऊन पाहणी करायची, असा नियमच झाला. त्या निरीक्षकांत हचिन्सनही होते. या वेळी कुणाच्या 'बघायला आवडेल'वर काही सोडलेलं नव्हतं. ४ मार्च १८९० ला पूल सुरू झाला. टेवर नवा दुहेरी पूल त्याआधीच, १८८७ मध्ये झाला होता, आणि तो आखला चौकशीतल्या त्याच बार्लो यांनी मुलाच्या साथीने. जुन्या पुलाचे न पडलेले काही गर्डरही त्यात वापरलेत. दोन्ही पूल आज चालू आहेत. फोर्थ पूल २०१५ पासून जागतिक वारसा आहे.

फुकट नाही झालं हेही. फोर्थचा पूल बांधताना ५७ कामगार गेले असं आधी म्हणत, नंतरच्या शोधात तो आकडा ७३ निघाला. त्यांची नावं शोधायलाही शंभरहून जास्त वर्षं लागली.

आता माझा हिशेब.

नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. पावसाळ्यापूर्वीची पुलांची पाहणी चालू होती. एका जुन्या पुलाच्या एका खांबाला चीर होती. मी पाहणीच्या तक्त्यात तसं लिहिलं. वरिष्ठांनी तक्ता परत दिला. रागावले वगैरे काही नाहीत. म्हणाले, "अरे, असं लिहिलं तर वाहतूक बंद करावी लागेल, आणि दुरुस्तीला यंदा पैसे नाहीत. चीर आपण सिमेंटने भरून घेऊ. तू 'समाधानकारक' लिही." मी लिहिलं. सही केली. चीर भरली.

पूल पडला नाही. चार वर्षांनी पैसे आले, खांबाला जॅकेटिंग झालं, सगळं ठीक झालं. कुणाला काही कळलं नाही. पण त्या चार पावसाळ्यांत जोराचा पाऊस लागला की मला झोप यायची नाही. बायको विचारायची, काय झालं. काय सांगणार?

टेच्या खाडीत ते बुंधे बघताना मला बाउच आठवला नाही. नोबल आठवला. खडखड ऐकून पाचर ठोकणारा. त्याने पैसे खाल्ले नव्हते, कामचुकारपणा केला नव्हता. उलट जेवढं कळलं तेवढं हाताने करून मोकळा झाला. त्यातच घात झाला. त्याने आवाज बंद केला, आणि आवाज बंद झाला म्हणून वर कुणाला काही कळलंच नाही. मी सिमेंटने चीर बुजवली तेव्हा दुसरं काय केलं होतं?

म्हणून पूल पडल्यावर 'इंजिनीअर कोण' आणि 'ठेकेदार कोण' हे विचारायचंच, पण तेवढ्यावर थांबू नका. आधीच्या पाहणीचा तक्ता मागा. पाहणी कुणी केली, त्याला त्यातलं कळत होतं का, त्याने काय लिहिलं होतं आणि ते कुणी बदलायला लावलं, हे विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी आज त्या तक्त्यावर सही करायच्या जागी असेल, तर एवढंच सांगतो. चीर दिसली तर 'चीर आहे' असंच लिहा. पैसे नाहीत हे लिहायचं काम वरच्याचं आहे, त्याला ते त्याच्या सहीने लिहू दे.

मी लिहिलं नव्हतं. माझा पूल उभा राहिला, यात माझं कर्तृत्व काहीच नाही.